बी झडेपर्यंत: अतिविष प्रकल्पाच्या नोंदी

६ मार्च २०२४, पुणे

आजपासून वही सुरू. प्रकल्पाचं कागदावरचं नाव लांबलचक आहे. घरात सगळे ‘अतिविषाचं काम’ म्हणतात, तेच बरं.

सुरुवात घरातूनच झाली. ताईची मुलगी सव्वादोन महिन्यांची आहे. आईनं माळ्यावरून गुटीची पत्र्याची डबी काढली, आजीच्या वेळची. हिरडा, बेहडा, मायफळ, मुरडशेंग, वेखंड, सुंठ, हळकुंड, ज्येष्ठमध, काकडशिंगी, डिकेमाली आणि अतिविष. डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही द्यायचं नाही असं बजावलंय, त्यामुळे डबी तशीच कपाटात गेली. मी त्यातला अतिविषाचा तुकडा तेवढा मागून घेतला. करंगळीच्या पेराएवढा, एका अंगानं उगाळून तिरपा झालेला. आई म्हणाली, तुझ्या वेळी हाच होता आणि ताईच्या वेळीही. “कडूजहर असतं ते, दोनच वेढे द्यायचे.” दोन मुली मोठ्या झाल्या, तरी तुकडा निम्मा शिल्लक आहे.

हा तुकडा म्हणजे पश्चिम हिमालयातल्या एका फुलझाडाचा कंद. शास्त्रीय नाव अकोनिटम हेटेरोफायलम. बचनागाच्याच प्रजातीतलं, पण बचनागासारखं विषारी नाही. गढवालात आणि हिमाचलात त्याला अतीस म्हणतात. आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ते ‘संकटग्रस्त’ आहे. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करूनही मी हे झाड जिवंत पाहिलेलं नाही. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या पत्रकांवर पाहिलं, तिथे फुलं तपकिरी पडलेली असतात आणि रंग कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर वाचावा लागतो.

९ मार्च, पुणे

पेठेतल्या तीन काष्ठौषधींच्या दुकानांतून अतिविष आणलं, प्रत्येकी ५० ग्रॅम. भाव किलोला काही हजारांच्या घरात. संध्याकाळी पांढऱ्या कागदावर पसरून एकेक तुकडा कापला.

पहिली पुडी सरळसरळ नागरमोथा. काळपट, रेषाळ, कापताच सुगंध सुटला. याला निव्वळ लबाडी म्हणवत नाही, कारण अतिविष न मिळाल्यास मोथा घ्यावा असं जुन्या ग्रंथांतच सांगितलंय. पण मग पुडीवर मोथा असं लिहावं, आणि भावही मोथ्याचा लावावा.

दुसरी पुडी खरी. वरून राखाडी, खाली निमुळते होत गेलेले कंद. पिठूळ असल्यामुळे काडकन मोडतात. आत स्वच्छ पांढरं आणि मधोमध गोलाकार मांडलेले चार-पाच पिवळट तपकिरी ठिपके. ती रसवाहिन्यांची टोकं. हे ठिपके एकदा नीट पाहिले की पुन्हा फसायला होत नाही. जिभेवर ठेवून ओळखायची जुनी रीत आहे, अतिविष नुसतं कडू लागतं आणि बचनागानं जीभ बधिर होते. मी ते करत नाही, कुणीही करू नये. भेसळीत बचनाग निघाला तर जिवावर बेतेल.

तिसऱ्या पुडीत निम्मे कंद खरे, बाकी कसली तरी पांढरी मुळं. काही कंदांना टाचणीएवढी भोकं पडलेली. निघंटूंमध्ये, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या औषधीकोशांत अतिविषेला ‘घुणप्रिया’ म्हटलंय, घुणकिड्याला आवडणारी. आणि दुसरं नाव ‘शिशुभैषज्या’. ही नावं ठेवणाऱ्यांनी हे कंद वर्षानुवर्षं हाताळले होते.

खऱ्या पुडीतले कंद मोजले: ४७. एका झाडाखाली कंदांची जोडी असते. एक यंदाचा, एक पुढच्या वर्षासाठीचा. दोन्ही उपटून वाळवले असं धरलं तरी ५० ग्रॅममागे किमान चोवीस झाडं गेली. हा आकडा मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला.

२ एप्रिल, पुणे

केदारनाथ अभयारण्याच्या हद्दीत काम करायची परवानगी आली. अटी: एकही कंद उकरायचा नाही, बी ठरावीक मर्यादेतच घ्यायचं, जागेचे अक्षांश-रेखांश कुठेही छापायचे नाहीत. तिसरी अट नसती तरी मी ती पाळली असती. या नोंदींत ‘तुंगनाथच्या वर’ एवढंच येईल.

२४ मे, चोपता

ऋषीकेश, रुद्रप्रयाग, उखीमठ आणि मग खर्सू ओकच्या जंगलातून चोपता. खाली उकाडा होता, इथे रात्री दोन रजया लागल्या. चोपता साधारण २,७०० मीटरवर. तिथून तुंगनाथचं देऊळ साडेतीन-चार किलोमीटर चढणीवर, ३,६८० मीटरला. पंचकेदारांतला हा तिसरा.

राहायची सोय खालच्या गावात एका घरी झाली. घरच्या मावशींना सगळे ‘बोडी’ म्हणतात, म्हणजे मोठी काकू. मीही बोडी म्हणू लागले. त्यांचा मुलगा माझ्याबरोबर डोंगरावर येणार. तो मला ‘भुली’ म्हणतो, धाकटी बहीण. मी त्याला भैजी. घरामागे त्यांची छोटी रोपवाटिका आहे, कुटकीचे वाफे आणि अतीसचा एक, तीन वर्षांचा.

बुग्याळांत, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांत, रात्रीच्या मुक्कामाला बंदी आहे, २०१८ मध्ये नैनिताल उच्च न्यायालयानं तसा आदेश दिला. म्हणजे तंबू नाही, रोज चढायचं आणि रोज उतरायचं. पाय दुखतील, पण आदेश योग्यच आहे. तंबूच्या चरांनी आणि खिळ्यांनी उचकटलेलं गवत इथे वर्षानुवर्षं भरून येत नाही.

२७ मे

पहिल्यांदा वर गेलो. वृक्षरेषेपाशी खुजा जांभळट बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) अजून फुललेला. त्याच्या पलीकडे झाड नाहीच, एकदम उघडं. सावलीच्या घळींत मळकट बर्फाचे पट्टे उरलेत. बर्फ सरकलाय तिथलं गवत पिवळं, झोपवल्यासारखं, आणि त्यातून प्रिम्युलाचे जांभळे गोंडे वर आलेले.

अतीस अजून बोटभरही नाही. भैजींनी वाकून दाखवलं तेव्हा दिसलं. हिरवा, चुण्या पडलेला एक पंजा जमिनीतून उघडत होता. मी त्याच्याकडे किती वेळ पाहत बसले कोण जाणे. भैजींनी तोवर चहाचा थर्मास उघडून झाकणही लावलं होतं.

८ जून, मंडल

पाऊस लागल्यानं चोपत्याहून पलीकडे मंडलला उतरलो. इथे राज्य सरकारची जडीबुटी शोध व विकास संस्था आहे. अतीस, कुटकी, जटामांसी यांची रोपं आणि लागवडीची माहिती शेतकऱ्यांना इथून मिळते. वाफे पाहिले, माती हातात घेऊन पाहिली. पानांचं कुजलेलं खत आणि वाळू, पाणी क्षणभरही साचत नाही. बियांपासून विक्रीजोगा कंद व्हायला तीन-चार वर्षं. वरचा, डोळा असलेला तुकडा कापून परत लावला तर वेळ थोडा वाचतो.

परतताना भैजींनी गाडी थांबवून एक उतार दाखवला. मंडलमध्येच १९७३ च्या एप्रिलात लोकांनी अंगूच्या झाडांसाठी कंत्राटदाराला अडवलं होतं, चिपकोची सुरुवात ती. अंगूच्या लाकडाची खेळाची साधनं बनायची. शाळेच्या पुस्तकात चिपको वाचलं होतं, पण त्या गावातून आपण अतीसच्या वाफ्यांसाठी जाऊ असं कधी वाटलं नव्हतं.

१९ ते २३ जून

पाच दिवसांत झाडं मोजायच्या चौकटी आखून झाल्या. पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट, कोपऱ्यांना सुतळी. दगडांवर रंग लावला नाही, खुणा आमच्या वहीतच. प्रत्येक झाडाच्या बुडाशी ॲल्युमिनियमची छोटी पट्टी, गवतात दडवलेली. पेन बाद, सगळं पेन्सिलीनं, कारण ढग अंगावरून जातात तेव्हा वहीचं पान ओलं होतंच.

एकूण झाडं ४१. फुलाचा दांडा येईल असं वाटणारी त्यातली १९. बाकी २२ लहान आहेत, दोन-तीन पानांची.

आता पानं पुरती उघडलीत. बुडाची लांब देठाची आणि पाच भागांत विभागलेली. वरची बिनदेठाची, खोडाला मिठी मारल्यासारखी. हेटेरोफायलम म्हणजे वेगवेगळ्या पानांचं. नाव ठेवणाऱ्यानं पानं पाहून नाव ठेवलं, आयुर्वेदानं कंद पाहून. फुलावरून कुणीच ठेवलं नाही.

१ ऑगस्ट, गाव

रात्रभर गडगडाट. सकाळी कळलं, काल संध्याकाळी केदारनाथच्या वाटेवर भीमबली-लिनचोलीच्या बाजूला ढगफुटी झाली, रस्ता वाहून गेला, हजारो यात्रेकरू अडकलेत. फोन लागत नाही. बोडींच्या माहेरचे काहीजण त्या वाटेवर खेचरं घेऊन असतात, त्या दिवसभर दारातच बसून होत्या. रात्री निरोप आला, सगळे सुखरूप आहेत. आज काम नाही.

१९ ऑगस्ट, तुंगनाथच्या वर

फुलं.

हे सावकाश लिहिते, कारण याच्यासाठीच आले.

दांडा गुडघ्याच्या थोडा खाली येतो. त्यावर नऊ फुलं, खालची उघडलेली आणि टोकाच्या कळ्या बंद. लांबून हिरवट निळी दिसतात, फारशी नजरेत भरत नाहीत. बाजूचं जिरेनियम त्याहून भडक आहे. जवळ गेल्यावर खरी ओळख होते. पाकळ्यांसारखी दिसणारी पाच निदलं, त्यातलं वरचं शिरस्त्राणासारखं पुढे वाकलेलं. प्रत्येकावर जांभळ्या शिरांचं जाळं, आजीच्या हाताच्या पाठीवर दिसायचं तसं. शिरस्त्राण अलगद उचललं की आत दोन देठाळ मधुकोश उभे, खऱ्या पाकळ्या म्हणायच्या त्या याच. मध इतका आत लपवलेला की लहान कीटकांचं कामच नाही.

साडेदहा ते साडेबारा एकाच झाडापुढे बसले. सव्वाअकराला ऊन आलं आणि पाठोपाठ भुंगमाशी. जाड, केसाळ, शेपटाकडे तांबूस. सर्वांत खालच्या फुलावर उतरली, शिरस्त्राणाखाली डोकं घातलं, पोट परागकोशांवर टेकलेलं. मग त्याच्या वरचं फूल, मग त्याच्या वरचं. टोकाला पोचली की उडून शेजारच्या झाडाच्या पुन्हा तळाच्या फुलावर. खालची फुलं वयानं मोठी, त्यांचे पुंकेसर झडून स्त्रीकेसर तयार झालेले. वरची नुकती उमललेली, पराग सांडणारी. म्हणजे एका झाडावरून निघताना ती वरच्या फुलांचा पराग घेऊन निघते आणि पुढच्या झाडावर गेली की तो आधी खालच्या, बीज धरायला तयार फुलांना मिळतो. परपरागणाची इतकी चोख मांडणी, आणि ती चालते एका माशीच्या खालून वर चढायच्या सवयीवर. दोन तासांत सहा फेऱ्या झाल्या, मग ढग आला आणि सगळं थांबलं. अशा दिवसांत ऊन असतं तेवढाच वेळ हे काम चालतं.

उतरताना साताऱ्याकडचा एक ट्रेकिंगचा गट भेटला. मराठी ऐकून बरं वाटलं. त्यांना ब्रह्मकमळ पाहायचं होतं. घरी कुंडीत रात्री फुलतं ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळ अमेरिकेकडचं, आणि इकडचं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, अजून उंचावर दगडांत मिळतं, हे सांगितलं. त्यांच्यातल्या काकूंनी विचारलं, “मग तू कसलं फूल बघतेस?” अतिविष म्हटल्यावर त्या उभ्याच राहिल्या. “गुटीतलं? त्याला फूल येतं?” फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून करून पाहिला.

११ सप्टेंबर, गाव

आज नंदाष्टमी. पुण्यात घरी गौरी जेवताहेत, आईचा दुपारी फोन होता, मागून ताईच्या मुलीचं रडणं. इथे देवीला ब्रह्मकमळं वाहतात. ती आजच्या आधी कुणी तोडत नाही, तोडलीच तर अनवाणी जाऊन, देवीसाठी म्हणून. बोडींनी सांगितलं की त्यांच्या सासूबाई जडीबुटीचंही असंच पाळायच्या. नंदाष्टमी उलटून, बी झडून, पानं पिवळी पडल्याशिवाय कुदळ लावायची नाही. “बी जमिनीला दिलं की मग आपण घ्यायचं.”

मी त्यांना त्यामागचं वनस्पतिशास्त्र समजावून सांगायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांच्या एका वाक्यात ते होतं.

तरी वहीसाठी लिहिते. या झाडाचं आयुष्य जोडकंदावर चालतं. आईकंदातून यंदाचा दांडा, फूल, बी. त्याच वेळी शेजारी लेककंद भरत असतो. हिवाळ्यापर्यंत आईकंद सुरकुतून संपतो आणि पुढच्या मेमध्ये लेककंद उगवतो. म्हणजे झाडाकडे पुढे जायचे दोनच रस्ते, लेक आणि बी. उकरणारा दोन्ही कंद नेतो. बी झडलेलं असेल तर एक रस्ता उरतो, नसेल तर काहीच नाही.

२८ सप्टेंबर, तुंगनाथच्या वर

चौकट क्रमांक २ पाशी पोचलो तेव्हा वाटलं, जागा चुकली.

हाताच्या पंज्याएवढे खड्डे. माती अजून काळी, ओली, म्हणजे काल किंवा परवाचं काम. खड्ड्याच्या कडेला दांडे टाकून दिलेले, मुळापाशी पिळून तोडलेले. दांड्यांवर फळं तशीच, एकेका फुलाच्या जागी पाच हिरव्या शेंगुळ्या जुळून उभ्या, बारीक लव असलेल्या. नखानं एक उघडली. आत बी होतं, पांढरट, मऊ. अजून दोन-तीन आठवडे मिळते तर काळपट तपकिरी झालं असतं.

सगळ्या चौकटी मोजल्या. फुललेल्या १९ पैकी १६ गेली. न फुललेल्या २२ पैकी ५.

हा फरक पुन्हा पुन्हा पाहिला. लहान झाडं गवतात दडलेली होती, ती वाचली. दांडा ज्याला होता तोच लांबून दिसला. ऑगस्टमध्ये मी ज्या फुलांसमोर दोन तास बसले, ती उकरणाऱ्यासाठी रोवलेल्या झेंड्यासारखी होती. बी द्यायला जी झाडं निघाली होती नेमकी तीच आधी गेली. तीन-चार वर्षं थांबून एकदाचं फुलावर यायचं आणि फुलावर आलं म्हणूनच सापडायचं.

माझ्या पट्ट्या खड्ड्यांत पडलेल्या होत्या. वेचल्या. क्रमांक ७, ११, १२, १९.

भैजी काही बोलले नाहीत. मग त्यांनी टाकलेले दांडे गोळा करायला सुरुवात केली, मीही केली. चौदा मिळाले. कागदी पिशव्यांत घातले. प्लॅस्टिकमध्ये रात्रीत बुरशी धरली असती.

२९ सप्टेंबर, गाव

कोणी केलं ते माहीत नाही आणि या वहीत तर्क लिहिणार नाही. वन विभागाच्या चौकीत लेखी कळवलं.

एवढं मात्र लिहिते. जो माणूस तीन हजार मीटरवर थंडीत गुडघे टेकून कंद उकरतो, त्याच्या हातात दुकानातल्या भावाचा अगदी थोडा हिस्सा पडतो. आणि घरोघरच्या सहाणेवर जातं तेही फार नाही, आमचा तुकडा चाळीस वर्षं पुरलाय. मोठी मागणी तयार औषधांची आहे. बालचातुर्भद्र चूर्ण, कुटजघन वटी, महासुदर्शन चूर्ण, सगळ्यांत अतिविष लागतं आणि कारखाने ते टनांत घेतात. लागवडीतून येणारा माल त्यापुढे कमी पडतो. मार्चमध्ये पांढऱ्या कागदावर मी ४७ कंद मोजले होते. ते कुठल्या उतारावरचे, बी झडण्याआधीचे की नंतरचे, हे दुकानदाराला मी विचारलंही नव्हतं. आज त्याचं वाईट वाटतंय.

चौदा दांडे बोडींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, पाण्याच्या पेल्यांत उभे केलेत.

१६ ऑक्टोबर

वाचलेल्या तीन झाडांचं बी पिकलं. शेंगुळ्या वरून फाटल्यात, वारा आला की दांडा हलतो आणि दोन-चार बिया बाहेर पडतात. मिरीच्या दाण्याहूनही बारीक, कोनाळ, काळपट. परवानगीप्रमाणे १२० घेतल्या. उरलेल्या हातानं तिथेच आसपास टाकल्या, जिथे गवत विरळ होतं तिथे. भैजींनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं.

खिडकीतल्या दांड्यांचंही काही बी तपकिरी झालं, पण हातात घेतलं की हलकं, पोचट. त्यातल्या त्यात भरलेल्या ६० निवडल्या.

२२ ऑक्टोबर, रोपवाटिका

ट्रे भरले. खर्सूच्या पानांचं कुजलेलं खत, वाळू, थोडी माती. झाडांवरच्या १२० बियांचे तीन गट, प्रत्येकी ४०.

पहिला ट्रे उघड्यावर, बर्फ पडेल तसं पडू द्यायचं. दुसऱ्यातलं बी जिबरेलिक आम्लाच्या, म्हणजे बी रुजायला मदत करणाऱ्या संप्रेरकाच्या द्रावणात एक दिवस भिजवून पॉलिहाऊसमध्ये. तिसरा पॉलिहाऊसमध्येच, काहीही न करता. खिडकीतल्या ६० बिया चौथ्या ट्रेमध्ये, पहिल्याशेजारी उघड्यावर.

बोडींनी चौथ्या ट्रेवर मूठभर जास्त पालापाचोळा पसरला. प्रयोगाच्या दृष्टीनं ते चूक होतं. मी काढायला सांगितलं नाही, वहीत मात्र नोंद करते.

१७ नोव्हेंबर, पुणे

घरी. ताईची मुलगी आता गुडघ्यांवर रांगते.

दुसऱ्या पुडीचं, म्हणजे खऱ्या मालाचं दुकान, तिथे गेले. फोटो दाखवले, खड्ड्यांचेही. दुकानदार काका वयानं मोठे, तिसऱ्या पिढीचा धंदा. त्यांनी चष्मा लावून सगळे पाहिले. म्हणाले, “ताई, आम्ही माल दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून घेतो. कंद किती भरलाय ते बघतो, कधी काढला ते आजवर कुणी विचारलं नाही.” मग त्यांनीच विचारलं की लागवडीचा माल कुठे मिळेल. बोडींच्या वाफ्यातला यंदा निघणार नाही, पुढच्या वर्षी निघेल. शेतकऱ्यांच्या गटाचा पत्ता त्यांना दिला. भाव जुळेल की नाही ते त्यांनी पाहायचं.

३ फेब्रुवारी २०२५, पुणे

भैजींचा फोटो आला. ट्रे दिसतच नाहीत, नुसते बर्फाचे दोन चौकोनी उंचवटे. खाली बोडींचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय: “भुली, तुझं बी रजई घेऊन झोपलंय.”

६ एप्रिल, पुणे

दुसऱ्या ट्रेमध्ये, म्हणजे भिजवलेल्या बियांच्या, हिरवे ठिपके. भैजी रोज मोजून कळवताहेत. आज ९.

२१ मे, रोपवाटिका

रात्री पोचले, आणि बॅटरी घेऊन आधी ट्रेकडे गेले.

उजेडात पुन्हा मोजलं. बर्फाखालचा ट्रे: ४० पैकी १७. भिजवलेला: १४. काहीच न केलेला: ३. खिडकीतलं बी: ६० पैकी २.

बर्फाखालची रोपं संख्येनं थोडीच जास्त, पण बुंध्याशी ठणठणीत आहेत. पॉलिहाऊसमधली उंच आणि नाजूक, काही कलंडलेली. बर्फ हे काम फुकट करतो, त्यामुळे गावातल्या कुणालाही हे जमण्यासारखं आहे. एका हंगामाचा, एका जागेचा निकाल आहे, पुढच्या वर्षी पुन्हा करायचा.

चौथ्या ट्रेमधली दोन रोपं कोपऱ्यात, एकमेकांपासून चार बोटांवर. दोन-दोन बीजपत्रं, आणि एकाला पहिलं खरं पान फुटू लागलेलं, तोच चुण्या पडलेला पंजा, पण तांदळाच्या दाण्याएवढा.

२४ मे, तुंगनाथच्या वर

खड्डे भरून आलेत. त्यांत जिरेनियम आलंय, पोटेंटिला आलाय. अतीस नाही. गुडघ्यांवर बसून प्रत्येक खड्डा पाहिला.

वाचलेल्या तीन झाडांपैकी तिन्ही उगवली. १७ लहानांपैकी १४ दिसली, दोघांना यंदा दांडा येईलसं वाटतं. ऑक्टोबरमध्ये हातानं टाकलेल्या बियांपैकी काही उगवलं का, हे आत्ता गवतात ओळखू येत नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चौकट लावून पुन्हा बघायचं.

पट्ट्या या वेळी लावल्या नाहीत. अंतरं मोजून फक्त वहीत नकाशा काढला. दांडा येईल त्या पाच झाडांपाशी ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एक दिवसाआड कुणीतरी जायला हवं. भैजी आणि गावातली दोन मुलं तयार आहेत, वन विभागाच्या चौकीतूनही फेरी वाढवू म्हणालेत. मुलांच्या मजुरीची तरतूद प्रकल्पात नाही. अर्ज आज रात्रीच लिहायला घेते.

२५ मे, रोपवाटिका

३६ रोपं जाळीच्या सावलीत हलवली. बोडींनी चौथ्या ट्रेची दोन रोपं वेगळ्या कुंडीत लावायला मागितली. दिली. कुंडी त्यांनी स्वयंपाकघराच्या त्याच खिडकीखाली, बाहेरच्या अंगाला ठेवली आहे, सकाळचं ऊन येतं तिथे.